पुट अप आणि देण्याघेण्याचा टॉवेल

ज्या इंग्रजीच्या जोरावर आबासाहेब सरकारी कचेरीत साध्या कारकुनाचे हेडक्लार्क झाले, त्याच इंग्रजीनं त्यांना एका रविवारी सकाळी पोह्यांच्या बशीसमोर, सुनेदेखत दगा दिला. दगा तसा एवढासाच होता, दोन शब्दांचा. पण निवृत्त माणसाची अब्रू तरी केवढीशी असते. तेवढ्यात बसतो तो दगा.

सून रेश्मा मूळची वैरागची, बी.कॉम. झालेली, सोलापुरात मल्लेशशेठच्या टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघायची. शेठचा इंग्रजी बोलणारा पुतण्या हैदराबादला सासुरवाडीला गेला तो तिकडंच रमला, आणि नेमकं त्याच सुमाराला इंग्लंडातली एक मोठी गिऱ्हाईक बाई कारखाना बघायला येणार असं ठरलं. हॉटेलांना टॉवेल पुरवणारी. शेठ रेश्माला म्हणाले, बाईंना तू सांभाळ, ऑर्डर मिळाली तर परदेशी व्यवहाराचं टेबल कायमचं तुझं. रेश्माचा नवरा इंद्रजीत पुण्याला नोकरीत. त्यानं फोनवरून सल्ला दिला की कॉन्फिडन्स ठेव. कुठं ठेवायचा ते सांगितलं नाही.

तर त्या बाईंनी मेलमध्ये लिहिलं होतं की आधीच्या कारखान्यानं आम्हाला 'लेट डाउन' केलं, तुमचं काम आम्ही 'लुक इन्टू' करू आणि उशीर मात्र आम्ही 'पुट अप विथ' करणार नाही.

"मामा, पुट अप विथ म्हणजे काय हो?" रेश्मानं विचारलं.

आबासाहेब हसले. पुट अप हा शब्द तर त्यांच्या घरचा. फाइल साहेबांपुढं ठेवणं म्हणजे पुट अप. सगळी नोकरी त्यांनी पुट अप करण्यात घालवली होती. त्यांनी लिंबू पिळत सांगितलं की बाई उशीर साहेबांपुढं ठेवणार नाहीत, विथ म्हणजे सोबत, म्हणजे कागदपत्रांसोबत ठेवणार नाहीत. रेश्मानं मोबाइलमध्ये बघितलं आणि अगदी हळू, सासऱ्याला लागू नये अशा बेतानं म्हणाली, "सहन करणे असं दाखवतंय, मामा."

आबासाहेबांनी लिंबू खाली ठेवलं. साहेबांपुढं फाइल ठेवणं आणि साहेबांना सहन करणं ही दोन्ही कामं त्यांनी इतकी वर्षं एकाच टेबलावर, एकाच वेळी केली होती. त्यामुळं इंग्रजांनी त्यासाठी वेगळी सोय केली असेल असं त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

त्यांनी ट्रंकेतून जाडजूड डिक्शनरी काढली. पुट अप म्हणजे उभारणे. पुट अप म्हणजे वाढवणे. पुट अप म्हणजे पाहुण्याला घरी उतरवून घेणे. अपमान झाला होता हे खरं, पण आबासाहेबांचा पिंड असा की अपमानापेक्षा त्यांना कुतूहल लवकर चढतं. याच कुतूहलापायी त्यांनी मागच्या वर्षी चालू स्थितीतला मिक्सर उघडून बघितला होता. तो अजून उघडाच आहे. एवढंसं 'अप' मागं लागतं आणि चांगल्या सरळमार्गी क्रियापदाचं असं काय होतं, हे आता बघितल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागणार नव्हतं.

प्रश्न घेऊन ते गच्चीत गेले, तिथं शेजारचे चनबसप्पा वाळत घातलेल्या मिरच्यांची राखण करत बसले होते. चनबसप्पा अक्कलकोटकडचे, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त. कन्नडमध्ये विचार करतात, मराठीत बोलतात आणि रागावतात हिंदीत. आबासाहेबांनी अप बाजूला ठेवून आधी सोपा म्हणून 'ऑफ' काढला. ऑफ म्हणजे बंद, इथपर्यंत तरी वाद नसावा.

"ऑफ म्हणजे बंद असं तुम्हाला कोण सांगितलं?" चनबसप्पा म्हणाले. "रेल्वेत सिग्नल ऑफ झाला की गाडी सोडायची. ऑन असला की थांबायचं. ऑन सिग्नल वलांडलं तर नोकरी जातंय."

आबासाहेबांनी बोटांवर मोजायला घेतलं. दिवा ऑफ झाला की अंधार. सिग्नल ऑफ झाला की गाडी सुटते. रेश्मानं सांगितल्याप्रमाणे अलार्म ऑफ गेला की कल्ला होतो आणि दूध ऑफ गेलं की नासतं. एकाच माणसाच्या नावावर अंधार, कल्ला, गाडी आणि नासकं दूध अशा चार तक्रारी असत्या, तर कचेरीत त्याची केव्हाच बदली झाली असती. चनबसप्पांचं मत असं पडलं की शब्दाला फार विचारू नये, पुढचा हिरवा दिवा दिसला की निघायचं. पण आबासाहेब दिव्यापाशीच थांबणाऱ्यातले.

खाली येऊन त्यांनी ही सगळी हकिकत पत्नीला, विजयमालाबाईंना ऐकवली. इंग्रजी ही बेभरवशाची भाषा आहे, इथं बोलतात एक आणि होतं भलतंच, असा निकालही दिला. विजयमालाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आणि तुमी? मला रोज म्हणता की, भाकरी खाऊन टाक. खाल्ल्यावर काय टाकायचं असतंय? परवा शेजारनीला म्हणला, मी पैसे देऊन बसलो. उबंच हुता की."

आबासाहेब हे ऐकून खरोखर उठून बसले आणि आपण उठलो की बसलो हे त्यांना कळेना. त्यानंतरचे काही दिवस ते घरात सावधपणे बोलत होते. पेपर वाचून टाकला म्हणायचे आणि तो पायाशी पडलाय का ते बघायचे. ही आपल्या घरातली भानगड आपल्याला आजवर दिसली कशी नाही, याचं त्यांना नवल वाटत राहिलं.

रेश्माला मात्र नवलाला वेळ नव्हता. सकाळी डबा, दिवसा कारखाना, संध्याकाळी सासऱ्यांचा वर्ग. आबासाहेब एकेक क्रियापद घेत, त्याला सगळे प्रत्यय लावून बघत आणि आपणच चकित होत. शिकवणं मागं पडायचं. ही बातमी गल्लीत गेली तसे सल्ले यायला लागले. समोरच्या सुंदरम्मा, जुन्या विणकर घराण्यातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. त्यांनी येऊन सांगितलं की इंग्रजी कमी पडलं तर शेंगाचटणी जास्त वाढायची, तोंड भरलेल्या माणसाला प्रश्न सुचत नाहीत. रेश्मानं हा सल्ला तेवढा मनावर घेतला.

बाई यायच्या दोन दिवस आधी गाडं घसरलं. लग्नाचा मोठा मुहूर्त होता. सात रस्त्याजवळच्या ज्या हॉटेलात खोली धरली होती, तिथं कुठल्याशा नवरदेवाची आत्या आधीच येऊन झोपली होती आणि ती उठायला तयार नव्हती. गावातल्या सगळ्या खोल्या वऱ्हाडांनी भरल्या. मल्लेशशेठच्या स्वतःच्या बंगल्यात पुतणीचं लग्न. रेश्मा बाईंना फोनवर ही अडचण सांगायला लागली, शब्दासाठी थांबली, आणि तेवढ्या फटीत आबासाहेबांनी फोन हातात घेतला.

"मॅडम," ते म्हणाले, "वुई विल पुट यू अप."

आयुष्यात पहिल्यांदाच हा शब्द त्यांनी फाइलीशिवाय वापरला होता. पलीकडून बाई हसल्या, थँक्यू म्हणाल्या. आबासाहेबांच्या अंगावरून मोरपीस फिरलं. मग त्यांनी विजयमालाबाईंकडं बघितलं आणि मोरपीस थांबलं.

"कुटं उतरनार?" विजयमालाबाईंनी विचारलं.

"इथं."

त्या नुसत्या न्हाणीघराकडं बघत राहिल्या. तिथं एक पिंप होतं, त्यात नळाच्या पुढच्या पाळीपर्यंतचं पाणी होतं, आणि दोरीवर आबासाहेबांचा पंचा होता.

मग जे सुरू झालं त्याला घराची दुरुस्ती म्हणायचं की घराची चौकशी, हे सांगणं कठीण आहे. न्हाणीघराला रंग दिला, तो ओला राहिला. गिझर आणला, त्याला वायर पुरेना. चनबसप्पांनी स्वतः येऊन दाराची कडी बसवली, रेल्वेची, आतून पडली की बाहेरचा माणूस उपाशी मेला तरी उघडणार नाही अशी. त्यांनीच आठवण केली की परदेशी पाहुणा घरी उतरला की सरकारात नोंद करावी लागते. आबासाहेबांचे डोळे चमकले. कचेरीचं काम. इथं तरी आपण पाण्यातले मासे.

पण कचेरीत आता टेबल उरलं नव्हतं, संगणक उरला होता. समोरच्या तरुणानं अगदी नम्रपणे विचारलं, "काका, पाहुणी तुमची कोण लागते?"

"सुनेची गिऱ्हाईक."

"तसला पर्याय दिसत न्हाय. हॉटेलचं नाव सांगा, त्याशिवाय पुढं सरकंना."

आबासाहेबांनी त्याला नियम समजावला. त्यानं मान डोलवली आणि संगणकाकडं बोट दाखवलं. संगणकाला नियम समजावण्याची सोय नव्हती. शेवटी आबासाहेबांनी सही केली आणि त्यांचं राहतं घर 'हॉटेल आबासाहेब' म्हणून सरकारदरबारी दाखल झालं. हे नाव तिथून बाहेर कसं फुटलं कुणास ठाऊक, पण पुढच्याच दिवशी बार्शीहून एकानं फोन करून वऱ्हाडासाठी गादीचा दर विचारला.

बाई आल्या. फिलिपा नाव, पण विजयमालाबाईंनी दारातच त्याचं फुलाबाई करून टाकलं. उंच, पिकल्या केसांच्या, हसऱ्या. कुठलंही कापड दिसलं की दोन बोटांत धरून चोळून बघायची त्यांना सवय. दारातलं पायपुसणंसुद्धा त्यांनी वाकून तपासलं.

आता सत्कार. सोलापूरच्या माणसाला पाहुणा दिसला की त्याचा हात आपोआप कपाटाकडं जातो. विजयमालाबाई म्हणाल्या, बाईमाणूस हाय, खण-नारळ द्यावा. आबासाहेब म्हणाले, ती बाई म्हणून आलेली नाही, साहेब म्हणून आलेली आहे, आणि साहेबाला टॉवेल-टोपी. कचेरीतली शिस्त ती. शेवटी त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवरचा एक टॉवेल काढला, फुलाबाईंच्या खांद्यावर ठेवला आणि पांढरी टोपी त्यांच्या डोक्यावर चढवली. सुंदरम्मांनी टाळ्या वाजवल्या.

इथं वरच्या फळीबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. टॉवेल ही अंग पुसायची वस्तू आहे असा एक समज बाहेरगावी आहे. आमच्याकडं टॉवेल दोन जातींचे. खालच्या फळीवरचे वापरायचे. वरच्या फळीवरचे देण्याघेण्याचे. देण्याघेण्याचा टॉवेल प्लास्टिकच्या पिशवीत जन्माला येतो आणि एका लग्नातून दुसऱ्या लग्नात, बारशातून वास्तुशांतीत असा फिरत राहतो. त्याला भरपूर खळ असते, लाल काठ असतो आणि ऐटीत चिकटवलेला शिक्का असतो. त्याची घडी कुणी मोडत नाही. फुलाबाईंच्या खांद्यावर पडलेला टॉवेल आबासाहेबांच्या कचेरीतल्या जोतिरामच्या मुलाच्या लग्नातून आला होता. जोतिरामकडं तो कुठून आला हे जोतिरामही सांगू शकला नसता.

पण फुलाबाईंना दोन फळ्यांची कल्पना कुठली असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या अंघोळीला गेल्या. दोरीवरचा पंचा यजमानांचा असावा हे ओळखून त्यांनी तो सभ्यपणे तसाच ठेवला, आणि आदल्या दिवशी मिळालेला टॉवेल पिशवीतून बाहेर काढला. त्या टॉवेलच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत होतं.

चनबसप्पांच्या कडीशी बराच वेळ झगडून त्या बाहेर आल्या, तेव्हा केसांतून पाणी टपकत होतं आणि कपाळावर या कानापासून त्या कानापर्यंत लाल काठाचा गुलाबी पट्टा उमटला होता.

"आगं बाई," विजयमालाबाई हळूच म्हणाल्या, "मळवट भरल्यागत."

फुलाबाईंनी टॉवेल दोन बोटांत धरला होता. त्या हसत नव्हत्या. त्यांनी तो उजेडात नेला, शिक्का वाचला. मल्लेशशेठचाच कारखाना. एवढा प्रवास करून त्या ज्याचे टॉवेल घ्यायला आल्या होत्या, त्याचाच टॉवेल, आणि त्यानं पाणी टिपलं नव्हतं, नुसतं इकडचं तिकडं केलं होतं.

"आय ॲम नॉट पुट आउट, रेश्मा," त्या सावकाश म्हणाल्या. "बट आय ॲम अ लिटल पुट ऑफ."

दाराआडून आबासाहेबांनी कान टवकारले. पुट आउट त्यांनी सोडून दिलं. पण पुट ऑफ त्यांच्या माहितीचं होतं. सभा पुट ऑफ होते, म्हणजे पुढं ढकलली जाते. त्यांनी बायकोला खुणेनं सांगितलं की काळजी नको, काम नुसतं पुढं ढकललंय, रद्द नाही. मग त्यांची नजर रेश्माच्या चेहऱ्याकडं गेली. तो उतरला होता, आणि आपला अर्थ या खोलीत चालणारा नाही, इथं बाईंचं मनच मालावरून उडालंय, हे त्यांना तेवढ्यावरून कळलं. रेश्माचं टेबल गेलं. टेबल गेलं ते इंग्रजीनं नाही, आपल्या टॉवेलनं. पुढं होऊन सॉरी म्हणावं असं त्यांना वाटलं, पण सॉरीला पुढं काय लागतं, फॉर की अबाउट, इथं ते अडकले.

रेश्मा थांबली नाही. तिनं फुलाबाईंचा हात धरला, त्यांना कपाटापाशी नेलं आणि दोन्ही दारं उघडली. वर पिशव्यांची चळत, लाल काठ, निळे काठ, हिरवे काठ. तिनं बोट वर केलं.

"दीज आर नॉट फॉर ड्राइंग," ती म्हणाली. शब्द शोधत एकदा थांबली. "नोबडी ओपन्स देम. वुई पास देम ऑन."

मग तिनं खालच्या फळीवरचा, रोजच्या वापरातला टॉवेल ओढून काढला. तोही शेठच्याच कारखान्यातला, परदेशी मालातला, शिवणीत वाकडेपणा निघाला म्हणून बाजूला पडलेला आणि तिनं घरी आणलेला. सोलापूरच्या कडक पाण्यात किती वर्षं धुतला गेला असेल, आणि तरी मऊ. "धिस वन वुई यूझ," ती म्हणाली. "एव्हरी डे."

फुलाबाईंनी तो दोन बोटांत धरला. चोळला. कपाळावर दाबला. केसांतलं पाणी त्यात गेलं आणि तिथंच राहिलं. त्यांनी टॉवेलवर उतरलेला गुलाबी रंग बघितला आणि त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"इट्स कमिंग ऑफ," त्या म्हणाल्या.

ऑफ. आबासाहेबांनी दाराची चौकट घट्ट धरली. पण रेश्मा हसली, तेव्हा तेही हसले. अर्थ नंतर बघता येणार होता.

त्यानंतर फुलाबाई कपाटासमोर जमिनीवरच बसल्या. हा कुणाचा, तो कुणाचा, हे त्यांना सगळं हवं होतं. विजयमालाबाई एकेक पिशवी काढून टॉवेलची वंशावळ सांगायला लागल्या, ह्यो आमच्या भाचीच्या दिराच्या लग्नातला, ह्यो देताना तेंनी कसं तोंड केलं हुतं, ह्यो तर आमीच दिलेला, फिरून परत आला. रेश्मा इंग्रजीत सांगत होती, आणि ऑन, बॅक, राउंड, अवे असले शब्द तिच्या तोंडून येरझारा घालत होते, कुणी न शिकवता. वर्गात महिनाभर ज्यांनी आबासाहेबांचा घाम काढला, ते हेच. फुलाबाईंनी विचारलं, न वापरायचे टॉवेल लोक विकत घेतात? रेश्मानं सांगितलं की शेठचा निम्मा धंदा त्याच्यावरच चालतो. त्यावर फुलाबाई इतक्या हसल्या की त्यांना पुन्हा टॉवेल लागला.

आबासाहेब कोपऱ्यात उभे राहून त्या चळतीकडं बघत होते. 'पुट अप' त्यांना त्यांच्या आधीच्या हेडक्लार्कनं दिलं होतं, पिशवीसकट. त्यांनी ते तसंच, घडी न मोडता, पुढच्याला दिलं.

फुलाबाईंनी कारखान्यात वापरायच्या टॉवेलची ऑर्डर दिली, फार मोठी नाही, पण पुढची दारं उघडून देणारी. मल्लेशशेठनी तिथंच रेश्माचं टेबल खिडकीजवळ हलवायला सांगितलं. निरोपाचा छोटा समारंभ झाला. शेठ बोलले, बरंच बोलले. मग फुलाबाई उठल्या. यजमान कुठं आहेत असं विचारून त्यांनी आबासाहेबांना पुढं बोलावलं, पिशवीतून एक टॉवेल काढला आणि दोन्ही हातांनी त्यांच्या खांद्यावर ठेवला. तोच. उन्हात वाळवून, मूळच्या घडीवर घडी घालून, मूळच्या पिशवीत, शिक्का बरोबर दर्शनी. वर पांढरी टोपीसुद्धा चढवली. टाळ्यांचा कडकडाट झाला. आबासाहेबांना बोलायचं होतं, पण कुठलंच क्रियापद सापडेना, म्हणून त्यांनी नुसता नमस्कार केला. तो बरोबर बसला.

घरी आल्यावर विजयमालाबाईंनी पिशवी उजेडात धरून बघितली. एका कोपऱ्यात काठाचा रंग किंचित उतरला होता.

"आता हा कुठल्या फळीवर?" आबासाहेबांनी खऱ्या कुतूहलानं विचारलं.

"वरच्या. अंगूळ एकदाच झालीया की. कोन बगतंय."

तेवढ्यात दारातून चनबसप्पा आत आले. नातीचं लग्न ठरलं होतं, पत्रिका द्यायला आले होते. पहिली पत्रिका तुम्हालाच म्हणाले. विजयमालाबाईंनी हळदकुंकू लावून पत्रिका घेतली, तारीख वाचली आणि त्यांची नजर सावकाश, स्वतःच्या नकळत, हातातल्या पिशवीकडं गेली. चनबसप्पांची नजर तिच्या मागोमाग गेली. गुलाबी पट्टा त्यांनी गच्चीतून बघितला होता.

"वहिनी," ते म्हणाले, "पत्रिकेत खाली छापलंय बघा. आहेर आणू नये. आमच्याकडून रेल्वेतला सिग्नल ऑन आहे."

हा एक शब्द मात्र आबासाहेबांना डिक्शनरी न उघडता कळला.